पाण्याचा पंप

माझ्या वहिनीत वाईट असं काहीच नव्हतं, आणि माझा सगळा राग त्याच गोष्टीवर होता. ती भांडखोर असती, आळशी असती, निदान तिच्या पोळ्या जाड तरी असत्या, तर मी तिच्याशी खुशाल गोडीनं वागले असते. पण कुंदावहिनी आमच्या घरात आली ती सगळ्यांना आवडतच आली. नागपूरची, सीताबर्डीला भावाचं कापडाचं दुकान असलेली, चांगली शिकलेली पोरगी. शेतातल्या घरात हिचा जीव रमणार नाही, पंधरा दिवसांत माहेराची वाट धरेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कसलं काय! माझ्या मायला ती बहिणीसारखी वाटायला लागली. शेजारच्या बाया काही ना काही मागायच्या निमित्तानं येऊन तिच्याशी बोलत बसायच्या. दादा तर कामातूनच गेला. मला ती 'बेबीताई' म्हणायची, माझ्यापेक्षा मोठी असून. त्यात मान होता, पण मला तेही सोसायचं नाही. मी म्हातारी झाले आता, गुडघे बोलतात, तरी कोणी 'बेबीताई' म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येतेच.

आमचं घर मौद्याच्या अलीकडे, शेतातच. आता तिकडे गेलं तर वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात. तेव्हा लांबून दिसायचं ते आमच्या शेडचं टिनाचं छप्पर. घरात बाबा, माय, दादा, मी आणि आत्या. आत्या बाबांची मोठी बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेली. ती म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट, तिच्या निकालावर अपील नव्हतं. शेतात धान, विहिरीजवळच्या तुकड्यात उन्हाळ्याची भेंडी, आणि कडुलिंबाच्या आड अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड. ते शेड माझं होतं. म्हणजे कागदोपत्री नाही, पण शाळा सुटल्यापासून ते मीच पाहत होते. धानाचं तूस खाली पसरायचं, खाद्य टाकायचं, भांडी घासायची, अंडी उचलायची. सकाळी दार उघडलं की पांढऱ्या कोंबड्यांचा सगळा लोंढा माझ्या पायांत यायचा. दुपारच्या आत त्यांचा गवगवा सुरू व्हायचा. कोंबडी एक अंडं घालते आणि साऱ्या गावाला सांगते. मीही तशीच होते म्हणा. काम केलं की ते कोणीतरी पाहावं, असं मला फार वाटायचं. कोणीतरी म्हणजे बाबांनी.

बाबा मोजकं बोलायचे. अंड्यांची भरलेली टोपली समोर ठेवली की ते 'हूं' म्हणायचे, आणि त्या 'हूं'वर माझा दिवस जायचा. शाबासकी म्हणतात ती आमच्याकडे एवढीच असते, हे मी धरून चालले होते. मग वहिनी आली. मायनं तिला म्हटलं, तुझा दिवस जात नसला तर जात जा बेबीसोबत शेडकडे. ती आली, साडी खोचून बसली, कोंबड्यांशी हळू आवाजात काहीबाही बोलत राहिली. थोड्याच दिवसांत अंडी वाढली. अहो, नवीन कोंबड्या होत्या, त्या वयात अंडी वाढतातच! पण बाबा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, तुह्या हाताले बरकत आहे." एवढं लांब वाक्य त्यांना येतं हे मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी वहिनीनं तडकलेल्या अंड्यांचा झणझणीत रस्सा केला आणि बाबांनी दुसऱ्यांदा भात मागितला. मी जेवले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

उन्हाळ्यात तर मी कोंबड्यांवरही जळायला लागले. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात जळते नऊ दिवस, अजून लांब होता, तरी टीन असं तापायचं की शेडमध्ये पाय ठेवला की डोळे मिटायचे. कोंबडी उन्हाला फार लवकर मान टाकते. म्हणून शेडच्या चारी अंगांना पोत्यांचे ओले पडदे, पिण्यात गूळ-मिठाचं पाणी आणि टॉनिक, घरातला एकुलता एक पंखाही तिकडेच. आम्ही बसायचो पदरानं वारा घेत. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, मले बी द्या न गुळाचं पाणी." बाबा म्हणाले, "तू अंडे देतं का?" सगळे हसले. वहिनीही हसली, तोंडावर हात ठेवून. तो हात अजून दिसतो मला.

भर दुपारी कोंबड्यांच्या अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारावा लागायचा. त्यासाठी पाठीवरचा फवारणी पंप. आमच्याकडे असे दोन पंप होते, अगदी एकसारखे, एकाच दिवशी आणलेले. एक भेंडीवर दवाई मारायचा; तो विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत टांगलेला असे. दुसरा फक्त पाण्याचा, शेडच्या खुंटीला. अदलाबदल होऊ नये म्हणून पाण्याच्या पंपाच्या दांड्याला बाबांनी मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. चिंधी आहे तो पाण्याचा, नाही तो विषाचा. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि आम्ही कोणाला शिकवलंही नाही. घरात ज्या गोष्टी सगळ्यांनाच ठाऊक असतात, त्या नव्या माणसाला सांगायच्या राहून जातात. वहिनी आल्यापासून दुपारचा फवाराही तिच्याकडेच गेला होता. ती खुंटीवरचा पंप घ्यायची, हौदातलं पाणी भरायची, मारायची. त्या चिंधीचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता.

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांचं जेवण असतं आणि त्याच दिवशी शेतातली अवजारं धुऊन पुजतात. नवं साल तिथून सुरू, असं बाबांचं म्हणणं. ही पूजा घरातल्या पोरीनं करायची, पण नवी सून आली की पहिल्या वर्षाचा मान तिचा. म्हणजे माझी पूजाही गेली! मी ओसरीवर आंबे पिळत बसले होते. रसात घालायचे शेवयांसारखे सरगुंडे शिजत होते, आत्या रसात साखर किती टाकायची यावर मायशी वाद घालत होती. अंगणात वहिनीनं वखर, पास, विळे, फावडी, दोन्ही पंप ओळीनं मांडले होते, बाहेरून घासून लख्ख केलेले. बाबा खाटेवर बसले होते, चष्मा काढून घाम पुसत. वहिनीनं हळद-कुंकू लावलं आणि पंपाशी येऊन थबकली. "बाबा, हे फाटकं कापड राहू द्यायचं?" बाबा म्हणाले, "काढ न पोरी. देवापुढं चिंधी कायले? दोन्हीले नवा नाडा बांध." तिनं ती काढली, चुलीकडे टाकली, आणि दोन्ही पंपांना लाल-पिवळा नाडा बांधला. हे सगळं मी पाहिलं आणि ऐकलं. पण तेव्हा माझं अर्धं लक्ष आंब्यात आणि अर्धं बाबांच्या तोंडून सकाळपासून निघालेल्या 'पोरी'त होतं. ज्या माणसानं ती चिंधी स्वतः बांधली होती, त्यालाच त्या घटकेला तिची आठवण राहिली नाही. सणाच्या गडबडीत डोकं असंच चालतं. संध्याकाळी दादानं एक पंप खोलीत नेला, एक शेडमध्ये. दवाईच्या पंपात तळाला भेंडीवर मारून उरलेलं औषध तसंच होतं. पुजायला पंप बाहेरून धुतात, आतून कोण धुतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं फवारा मारला. वास आला असेल, पण टॉनिकलाही असाच उग्र वास यायचा, आणि उन्हाळ्यात आमच्या साऱ्या शिवाराला दवाईचा वास असतो. ती घरात आली, घटाघट पाणी प्यायली आणि मोरीशी जाऊन ओकली. मग भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "तोंडाले सारखं पाणीच सुटून राहिलं, माय." हे ऐकून आत्यानं मायकडे अशा नजरेनं पाहिलं की काय सांगू! नव्या सुनेला मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, म्हणजे दुसरं काय? माय आत गेली आणि साखरेची वाटी घेऊन आली. चिमूटभर साखर वहिनीच्या तोंडात घातली, चिमूटभर माझ्या. "आत्या होतं बापा तू," मला म्हणाली. मी साखर चघळत होते आणि जे अजून जन्मालाही आलं नव्हतं त्याच्यावर जळत होते. आता बाबांची मांडीही जाणार, असं माझ्या मनात आलं. आता मांडीवर बसायचं माझं वय नव्हतं, पण मन कुठं वय पाहतं?

चहाची वेळ झाली तेव्हा शेडकडून आवाज येत नाही हे माझ्या ध्यानात आलं. त्या वेळी खाद्यासाठी नुसता कालवा चालतो. मी पडदा सारला. अर्ध्याअधिक कोंबड्या आडव्या पडलेल्या. चोचीतून लाळेच्या तारा लोंबत होत्या, पाय हवेत सायकल मारल्यासारखे चालत होते, मान मागे वळलेली. उभ्या होत्या त्या झिंगत होत्या. तुरे काळेनिळे पडले होते. एक माझ्याकडे यायला निघाली आणि दोन पावलांवर बसली ती उठलीच नाही. मी बोंब ठोकली. सगळे धावले. आत्या दारातूनच म्हणाली, "मानमोडी! मानमोडी आली!" मानमोडीच्या साथीत कोंबड्या अशाच मान पिळून मरतात, हे खरं. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. कपाळाला हात लावून म्हणाली, "इतके साल झाले, या घरात असं कधी झालं नाही. हा पायगुण आहे, दुसरं काय."

खोटं कशाला सांगू, ते ऐकून माझ्या जिवाला बरं वाटलं. कोंबड्या माझ्या डोळ्यांसमोर मरत होत्या, मी रडत होते, आणि तरीही आत कुठंतरी एक गार झुळूक आली. चला, कोणीतरी हिला नावं ठेवली!

मौद्याहून ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी एक मेलेली कोंबडी उघडली, वास घेतला, आणि विचारलं, "फवारा कायचा मारला आज?" दादा म्हणाला, पाण्याचा. डॉक्टरांनी पंपाचं झाकण उघडून बाबांच्या नाकाशी धरलं. बाबा दोन पावलं मागे सरले. "मानमोडी नाही, विष आहे हे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "पंप कोणं मारला? त्या माणसाची तब्येत कशी आहे?" मायच्या हातात अजून साखरेची वाटी होती. ती तिच्या हातून पडली. वहिनी ओसरीवर घामानं चिंब पडलेली, लाळ गळत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. शेजाऱ्याच्या जीपमध्ये तिला मौद्याला आणि तिथून नागपूरला नेलं. बाबा अनवाणीच जीपमध्ये चढले.

आम्ही मागे राहिलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खड्डा खणला, कोंबड्या पुरल्या, वरून चुना टाकला. त्या दिवशीची सगळी अंडीही त्यातच फोडली. दोघंतिघं विचारायला आले होते, पुरता कायले, आमाले द्या, तिखट घालून शिजवलं की विष मरते. मायनं झाडू उचलला तेव्हा पळाले. अंगावर फवारा कमी बसला होता त्या कोपऱ्यातल्या थोड्या कोंबड्या तेवढ्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीनं अंडं घातलं, पण ओरडली नाही. शेडमध्ये अशी शांतता मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकली नाही.

दवाखान्यात मी डबा घेऊन गेले. सलाईन लागलेली वहिनी झोपली होती. पोटात बाळबिळ काही नव्हतं, तेही डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. बाबा स्टुलावर बसून तिच्या पायाशी हात ठेवून होते. मला टायफॉईड झाला होता तेव्हा बाबा एकदा आले होते, दारात उभे राहिले होते, 'हूं' म्हणाले होते. मी डबा ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. तेव्हा मला चिंधी आठवली. आणि त्यांनाही आठवलेली आहे, आणि मी त्या वेळी ओसरीवर होते हेही, हे मला त्या नजरेवरून कळलं.

वहिनी घरी आली त्या दिवशी तिचा भाऊही आला. अंगणात खाटेवर वहिनी, बाजूला तो पाहुणा, सगळे गोळा झालेले. आत्यानं निकाल दिला. "पाहुणे, घेऊन जा पोरीले. पोळ्यापर्यंत राहू द्या माहेरी. मग पाहू." पोळ्यापर्यंत म्हणजे कायमचं, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. दादा म्हणाला, "तिनं काय केलं, आत्या? पंप बदलला गेला." "हौ, पण काहून बदलला गेला? चिंधी कोणं काढली? इतक्या साल होती न थे चिंधी?" मी बाबांकडे पाहत होते. म्हटलं, आता बोलतील, आता बोलतील. ते जमिनीकडे पाहत होते. मी बोलले ते नुसत्या रागानं नाही. मला वाटलं, मी खरं बोलले की बाबा मान वर करतील. म्हणतील, बेबीनं माझी लाज राखली, मला बोलवत नव्हतं ते ती बोलली. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच तं म्हटलं होतं, चिंधी काढ म्हणून. मी ओसरीवर होती. मी ऐकलं."

पाहुण्यानं मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा असा झाला की मला शब्द परत गिळावेसे वाटले. आणि तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "नाही बेबीताई. बाबा काही म्हटले नाही. म्याच काढली. मले माहीत नव्हतं. माही चूक झाली, आत्याबाई, माफ करा." मायनं माझ्या दंडाला धरून मला आत ओढलं. "बापावर आळ घेतं? लाज नाही वाटत?" म्हणून एक ठेवून दिली. मी ओरडत होते, मी खोटं नाही बोलत, विचारा बाबांले, विचारा न! बाहेर कोणीच काही विचारलं नाही. बाबा उठले, वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाहुण्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. भावानं पिशवी खाली ठेवली. ती राहिली.

त्यानंतर शेड तिचंच झालं. बाबांनी दवाईचा पंप घरातून काढूनच टाकला आणि नवा आणला तो वेगळ्या रंगाचा. वहिनीसाठी ते बाजारातून मोगऱ्याचे गजरे आणायला लागले. आमच्या घरात गजरा मायनंही लग्नानंतर पाहिला नव्हता. माझ्याशी ते नीट वागायचे, कधी रागावले नाहीत. फक्त माझ्या डोळ्यांत पाहायचे नाहीत. वर्षाच्या आत माझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी बाबा रडले, पण वहिनीच्या खांद्यावर मान टाकून. लोक म्हणाले, बापाचं काळीज बघा. मी गाडीत बसून ते पाहत होते आणि माझं अंग पेटलं होतं.

आता बाबा नाहीत, आत्या नाही, माय नाही. गेल्या वर्षी वहिनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे नागपूरला, मनीषनगरात राहायला आली होती. डोळ्यावर हिरवा पट्टा, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. खाली कोपऱ्यावर चिकनचं दुकान आहे, तिथल्या कोंबड्यांचा आवाज सकाळी वर येतो. त्या आवाजानंच माझ्या तोंडातून निघालं असेल. मी चहा गाळत होते. म्हटलं, "वहिनी, एक सांग न वं. तेव्हा खोटं काहून बोलली तू?"

'तेव्हा' म्हणजे कधी, हे तिनं विचारलंही नाही. म्हणाली, "आत्याबाईनं पायगुण म्हटलं होतं, बेबीताई. पायगुणाले काही इलाज आहे का? चुकीले माफी असते. म्हणून म्या चूक घेतली अंगावर."

"अन् मी खोटी पडली त्याचं काय?"

"तुम्ही खोट्या पडल्या तरी त्यांच्या पोरगीच राहणार होत्या. मले बाप कमवा लागला."

मी कप तिच्या हातात दिला. मला म्हणायचं होतं की, बाई, मीही तर जन्मापासून तेच करत होते, टोपल्या भरभरून. पण ऑपरेशन झालेल्या माणसाशी काय भांडायचं? मी समोर बसले. तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि खालच्या नजरेनंच म्हणाली, "शेवटी शेवटी बाबा बोलले होते मले. म्हणे, बेबी खरं बोलली होती."

एवढंच. मी तिच्या उघड्या डोळ्यात पाहिलं. खोटं ती किती चांगलं बोलते हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही, आणि तेव्हाही ती कोणाचं तरी भलं करायलाच बोलली होती. तरी मी ते खरं धरलं. धरायचंच होतं मला. मग बशीतला चहा संपेपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. बाबांच्या तोंडून ते वाक्य निघालं तेव्हा मी इथंच होते, नागपुरात, एका फोनच्या अंतरावर. आणि ते त्यांनी तिला सांगितलं.